अंगणाची राखण

पंढरपूर तालुक्यातील करकंब या गावाच्या शिवारात फाल्गुनाच्या उत्तरार्धात जो कोणी दुपारच्या प्रहरी पायी हिंडेल, त्याच्या एक गोष्ट सहज ध्यानात येईल, ती ही की, या दिवसांत येथे जमिनीवर जे जे म्हणून पडलेले, उभे असलेले किंवा रचून ठेवलेले असते, ते बहुतेक सर्व पेट घेण्यास सिद्ध असते. उसाचा फड तुटून गेलेला असतो आणि त्याच्या जागी घोट्याएवढे पाचट पसरलेले असते. मालदांडी ज्वारीची काढणी उरकलेली असते आणि तिचा कडबा पेंढ्या बांधून गंजीला लागलेला असतो. माळावरचे कुसळीचे गवत पांढरटपिवळे पडून वाऱ्यावर खसखसत असते, आणि ज्या जिल्ह्यात वर्षाकाठी सुमारे साडेपाचशे मिलिमीटर पाऊस पडतो व तोही आश्विनातच निरोप घेतो, त्या जिल्ह्यातील या सामग्रीत ओलावा म्हणून काही उरलेला नसतो. अशा वेळी विडीचे थोटूक, बांधावर पेटवलेला पाला, वाऱ्याने एकमेकींवर आपटलेल्या दोन विजेच्या तारा, यांपैकी कोणतेही एक निमित्त पुरेसे होते.

आगीचे निमित्त टाळावे, हा उपदेश सर्वांना ठाऊक आहे आणि तो योग्यच आहे. परंतु शेजाऱ्याच्या बांधावरची काडी आणि आभाळातला वारा या दोहोंवर आपला अंमल चालत नाही, हेही तितकेच खरे आहे. मग आपला अंमल चालतो तो कशावर? आपल्या स्वतःच्या घराभोवतीच्या शंभरएक फुटांवर. आग आली तर घर वाचते की जाते, याचा निकाल बहुतेक वेळा याच शंभर फुटांत, आणि त्यातही उंबऱ्यालगतच्या पहिल्या काही हातांत लागतो, असे या विषयाच्या अभ्यासकांचे मत झालेले आहे. हे मत ज्या अनुभवातून तयार झाले तो अनुभव आपल्यापासून फार दूरचा, डोंगरातील घरांचा आहे.

अमेरिकेच्या पश्चिम भागात गेल्या पन्नास-साठ वर्षांत शहरे सोडून डोंगरात, देवदार-चीडसारख्या सूचिपर्णी वृक्षांच्या दाटीत घरे बांधून राहण्याची हौस वाढली. आणि जेथे पूर्वी वणवा लागला तर केवळ रान जळत असे, तेथे आता वणव्याच्या वाटेत माणसांचे संसार येऊन बसले. ८ नोव्हेंबर २०१८ रोजी कॅलिफोर्नियातील पॅराडाइज नावाचे डोंगरावरील गाव एका सकाळीच वणव्याच्या तोंडी सापडले. त्या आगीत ८५ माणसे मृत्युमुखी पडली आणि १८ हजारांहून अधिक इमारतींची राख झाली. तिचा उगम एका जुन्या उच्चदाब विद्युतवाहिनीत होता, हे पुढे चौकशीत निष्पन्न झाले. त्या आगीनंतर जी छायाचित्रे प्रसिद्ध झाली, त्यांत एक विलक्षण दृश्य वारंवार दिसते: घराचा चौथरा तेवढा उरलेला आहे, आणि त्याच्या आजूबाजूची कित्येक झाडे मात्र हिरवी उभी आहेत. झाडे जळाली नाहीत आणि घर जळाले, याचा अर्थ झाडांवरून धावत आलेल्या ज्वाळेने घर गिळले असा होत नाही; घर दुसऱ्याच कोणत्या तरी वाटेने पेटले असले पाहिजे.

ही वाट समजून घ्यावयाची तर घर तीन प्रकारांनी पेटते, हे आधी लक्षात घेतले पाहिजे. पहिला प्रकार ज्वाळेच्या प्रत्यक्ष स्पर्शाचा. दुसरा, स्पर्श न होताही दुरून अंगावर येणाऱ्या धगीचा, जिला पदार्थविज्ञानात उष्णतेचे प्रारण म्हणतात. आणि तिसरा, वाऱ्याबरोबर पुढे उडत जाणाऱ्या निखाऱ्यांचा. पहिल्या दोहोंचा प्रभाव अंतराबरोबर झपाट्याने ओसरतो. अमेरिकन वनखात्यातील संशोधक जॅक कोहेन यांनी कॅनडाच्या उत्तरेकडील अरण्यात गेल्या शतकाच्या अखेरीस झालेल्या प्रयोगांत जाणूनबुजून पेटवलेल्या रानासमोर लाकडी भिंती उभ्या करून हे पडताळून पाहिले. रानापासून १० मीटरांवर उभ्या केलेल्या भिंतींपैकी काही पेटल्या, परंतु २० मीटरांवरची एकही पेटली नाही. रानाचे झाड कितीही उंच जळो, त्याची मोठी ज्वाळा एका ठिकाणी मिनिटभराच्या आसपासच टिकते, आणि तेवढ्या अवधीत पुरेशा अंतरावरील लाकूड पेट घेण्याइतके तापत नाही, हे त्याचे कारण.

निखाऱ्यांची गोष्ट निराळी आहे. ते वाऱ्यावर स्वार होऊन किलोमीटरभर अंतरही तोडू शकतात, आणि आगीची आघाडी अद्याप दूर असतानाच घरावर, पडवीत, पन्हळीत, पायरीच्या कोपऱ्यात येऊन पडतात. निखारा स्वतः दुबळा असतो. दगडावर, मातीवर, सारवलेल्या अंगणावर पडला तर जागच्या जागी विझून काळा पडतो. परंतु तोच जर वाळक्या पाल्याच्या ढिगाऱ्यात पडला, तर तो ढिगारा शेजारच्या सरपणाला, सरपण छपराच्या वाशाला आणि वासा घराला आग पोहोचवितो. म्हणूनच वणव्यापासून घराचे रक्षण करणे म्हणजे वणव्याशी झुंजणे नव्हे. ही साखळी आधीच, शांत दिवशी, तोडून ठेवणे होय. डोंगरातल्या घरमालकांना तेथील शासन आज जे शिकवीत आहे त्याचे सार एवढेच आहे, आणि कॅलिफोर्नियात तर घराभोवतीचा शंभर फुटांचा टापू साफ राखणे हे कायद्याने बंधनकारक केलेले आहे.

हा विचार आपल्याला परका नाही. राज्याभिषेकाच्या सुमारास चिपळूणजवळ हलवर्ण येथील छावणीतील जुमलेदार, हवालदार आणि कारकून यांना शिवाजी महाराजांनी धाडलेले एक पत्र प्रसिद्ध आहे. रयतेला उपद्रव देऊ नका, अशी सक्त ताकीद त्यात आहेच; पण त्याच पत्रात आगीविषयी जे बजावले आहे ते वाचताना आजच्या अग्निशास्त्राचा जाणकारही थक्क होईल. पावसाळ्यासाठी साठवलेले गवत जवळ आहे, वारा सुटलेला आहे, अशा वेळी कोणी शेकोट्या पेटवील, कोणी भलत्या जागी चूल मांडील, कोणी तंबाखूसाठी विस्तव नेईल, रात्री उघडा ठेवलेला दिवा असला तर उंदीर त्याची पेटती वातच ओढून नेईल. आणि एक छप्पर पेटले की सगळी छपरे जातील, असा तो इशारा आहे. त्यापुढचा मुद्दा सर्वांत मार्मिक आहे: आग लागून गेल्यावर कोणाला कितीही कठोर शासन केले, तरी नवे छप्पर उभे करण्यास लाकडाचा तुकडाही मिळावयाचा नाही. ज्या राजाने गडकोट बांधले त्याला उंदराच्या तोंडातील वात दिसत होती, हे विसरता कामा नये.

आपल्या जुन्या गावांच्या रचनेतही हीच दृष्टी अनुस्यूत होती. सोलापूरकडील जुनी घरे माळवदाची. लाकडी तुळया, त्यांवर किलच्या, आणि त्यांवर पांढऱ्या मातीचा जाड थर. हा थर उन्हाळ्यात घर थंड राखतो हे सर्वांना माहीत आहे. पण उडत आलेला निखारा त्यावर पडून निमूटपणे विझतो, हा त्याचा दुसरा गुण फारसा कोणी सांगत नाही. खळी आणि गंजी गावाबाहेर खळवाडीत असत. अंगण सडा घालून, सारवून, खराट्याने झाडून लख्ख ठेवलेले असे, आणि घरातील बाईने पहाटे झाडलेले ते अंगण हा एका अर्थी आग अडविण्यासाठी रोजच्या रोज मोकळा केलेला पट्टाच होता. सर्वच घरे अशी नव्हती, आणि गरिबांच्या गवती छपरांची ओळच्या ओळ एका दुपारी जळाल्याच्या आठवणी गावोगाव निघतील; तथापि धान्य-वैरण एकीकडे आणि माणसांचा निवारा दुसरीकडे, ही विभागणी सामान्यतः पाळली जात असे.

ती विभागणी मोडली ती पाण्यामुळे. भीमेवरील उजनी धरण १९८० साली पूर्ण झाले, कालव्यांचे पाणी फिरले, विहिरी-बोअरांवर मोटारी बसल्या आणि पूर्वीच्या ज्वारीच्या शिवारात ऊस, द्राक्ष व डाळिंब यांचे मळे उभे राहिले. बागायतदाराला रात्री-अपरात्री वीज येईल तेव्हा मोटार चालू करण्यास रानातच राहणे सोयीचे. जनावरेही तेथेच, वैरणही तेथेच. अशा रीतीने कुटुंबामागून कुटुंब गावठाण सोडून रानातील वस्तीवर राहावयास गेले. कॅलिफोर्नियाचा रहिवासी हौसेने सूचिपर्णी अरण्यात शिरला. आमचा शेतकरी पोटासाठी उसाच्या फडात शिरला. परंतु दोघांचीही घरे जळाऊ पदार्थांच्या वेढ्यात जाऊन बसली, हे साम्य डोळ्यांआड करता येणार नाही.

आता एखाद्या वस्तीवर जाऊन नीट पाहू या. घर विटांचे आहे, वर पत्रा आहे. एवढ्यावरून ते सुरक्षित आहे असे वाटते. पण पडवीपुढे पाचटाने शाकारलेले सपार काढलेले आहे आणि त्याचे वासे घराच्या पत्र्याखाली खोचलेले आहेत. लिंबाच्या झाडाचा पाला पत्र्याच्या पन्हळीत बोटभर साचलेला आहे. मागच्या भिंतीला टेकून तुराट्यांचे भारे उभे आहेत. त्यांच्याशेजारी गोवऱ्यांचा हुडवा. हुडव्यापलीकडे, गेल्या हंगामात काढून गुंडाळलेल्या ठिबकच्या नळ्यांची वेटोळी, आणि त्यांवर झाकलेली शेडनेटची जाळी. गोठ्याच्या आढ्याला औताच्या दोरखंडांबरोबर डिझेलचा डबा लटकतो. कडब्याची गंज गोठ्यापासून पंधरा पावलांवर आहे, कारण संध्याकाळी वैरण काढावयास तेच सोपे पडते. उसाची शेवटची सरी न्हाणीघराच्या भिंतीला लागलेली आहे. आणि या सर्वांवरून विजेच्या तारा झोळ पडून गेलेल्या आहेत. बांधावरची एक ठिणगी या वस्तीवर आली, तर तिला घरात पोहोचण्यासाठी मधे कोठेही थांबण्याचे कारण नाही.

या वस्तीचा बंदोबस्त करावयाचा तर घराभोवती मनाने तीन कडी आखावीत. पहिले कडे भिंतीपासून पाच फुटांचे. या पाच फुटांत जळणारी वस्तू मुळीच नसावी: तुराट्या नाहीत, गोवऱ्या नाहीत, नळ्या नाहीत, प्लॅस्टिकच्या ताडपत्रीचे बोचके नाही, वाळका पाला नाही. येथे फरशी, मुरूम किंवा सारवलेली माती शोभते. पत्रा आणि भिंत यांमधील फटी, जेथून निखारा आत शिरून माळ्यावरील अडगळीत पडू शकतो, त्या मातीने वा सिमेंटने लिंपून घ्याव्यात आणि वाऱ्यासाठी ठेवलेल्या झरोक्यांना बारीक छिद्रांची लोखंडी जाळी ठोकावी. पन्हळ संक्रांतीनंतर एकदा आणि शिमग्यानंतर एकदा साफ करावी. पाचटाचे सपार हवेच असेल, तर ते घराला चिकटून न काढता सुटे, अंतरावर काढावे.

दुसरे कडे पाच फुटांपासून तीस फुटांपर्यंतचे. येथे हिरवे असावे, वाळके नसावे. सबंध टापू उघडाबोडका करावा, झाडे तोडावीत, असा याचा अर्थ कोणी घेऊ नये. हिरवे झाड निखाऱ्यांचा मारा बराचसा अडवते, आणि उन्हाळ्याच्या तोंडी नवी पालवी फुटलेला लिंब सहजासहजी पेटत नाही. आग झाडावर चढते ती शिडीने: खाली वाळके गवत, त्यावर चिल्लार किंवा घाणेरीचे जाळे, त्याला टेकलेली झाडाची खालची फांदी. शिडीची मधली पायरी काढून टाकली, म्हणजे खालच्या फांद्या पुरुषभर उंचीपर्यंत छाटल्या आणि बुंध्याभोवतीचे झुडूप उपटले, की वरचा वृक्ष सुखरूप राहतो. या कड्यात भाजीचे वाफे, कांदा किंवा लसूणघास लावावा. पाणी पाजलेल्या लसूणघासाच्या वाफ्यात आग पुढे सरकत नाही, आणि दुभत्या जनावराची सोयही होते. जागा किती जाईल, असा प्रश्न व्यवहारी माणूस विचारील. चाळीस फूट लांब आणि तितक्याच रुंद घराभोवती तीस फुटांची पट्टी सोडली, तर ती सुमारे आठ गुंठे भरते. तेथे ऊस येणार नाही, परंतु जमीन पडीकही राहणार नाही.

तिसरे कडे तीस ते शंभर फुटांचे; आणि कडब्याची गंज या कड्याच्याही बाहेर, घर आणि गोठा दोहोंपासून शंभर फुटांपलीकडे असावी. उन्हाळ्यात ज्या दिशेने वारा येतो, आणि या मुलखात तो बहुधा पश्चिमेकडून येतो, त्या दिशेला घर आणि उलट दिशेला गंज, अशी मांडणी केली, तर गंज पेटली तरी तिचे निखारे घरावर येत नाहीत. शक्य तर एकच थोरली गंज न रचता दोन लहान रचाव्यात व त्यांत अंतर राखावे. एक गेली तरी वर्षाची सबंध वैरण जात नाही. गंजीभोवती आणि वस्तीच्या हद्दीवर नांगराचे चार-पाच तास घालून माती उलथी करावी. वनखाते पावसाळा संपल्यावर आपल्या राखीव रानांत गवत कापून जाळरेषा काढते, तीच युक्ती येथे बैलांच्या किंवा ट्रॅक्टरच्या एका फेरीत साधते. उताराची जमीन असेल तेथे हे पट्टे उताराच्या बाजूला अधिक रुंद ठेवावेत, कारण आग चढावर वेग घेते. उतार दहा अंशांनी वाढला की तिचा वेग सुमारे दुप्पट होतो, असा ऑस्ट्रेलियातील अग्निशास्त्रज्ञांचा ठोकताळा आहे.

पाचट पेटवून देण्याची रीत मात्र सोडलीच पाहिजे. पाचटाची कुट्टी करून ती सरीत पसरली तर जमिनीचा ओलावा टिकतो आणि सेंद्रिय द्रव्य वाढते, हे अनेक शेतकऱ्यांनी स्वतः अनुभवलेले आहे. पाचट जाळले तर हे सर्व राखेत जाते, आणि वारा फिरला तर शेजाऱ्याचा उभा फडही जातो. जळिताचा ऊस कारखान्याकडे घातला तरी त्याच्या दरात कपात होते, आणि त्यातील साखर तासागणिक उतरते. राखीव वनात विस्तव पेटवणे हा १९२७ च्या भारतीय वन अधिनियमाच्या २६ व्या कलमान्वये गुन्हा आहे. खाजगी शेतात तसा पहारेकरी नसतो, म्हणून तेथे शहाणपणच पहारेकरी झाले पाहिजे. झोळ पडलेल्या तारांविषयी वीज कार्यालयात तोंडी न बोलता लेखी अर्ज द्यावा आणि त्याची पोच दप्तरी ठेवावी.

इतके करूनही आग आलीच, तर प्रथम जनावरांची दावी सोडावीत. घाईत गाठ सुटत नाही, म्हणून गोठ्याच्या मेढीला एक विळा कायम अडकवलेला असावा. आगीच्या वेळी वीज पहिल्यांदा जाते आणि मोटार मुकी होते, म्हणून उन्हाळाभर दोन पिंपे पाण्याने भरलेली आणि चार गोणपाटे त्यांच्याजवळ ठेवलेली असावीत. १०१ किंवा ११२ या क्रमांकावर कळवावे. परंतु पंढरपूरहून वीसएक किलोमीटर अंतर तोडून बंब येईपर्यंत कडब्याची गंज वाट पाहत नाही, हे ध्यानात ठेवून आपली भिस्त पूर्वतयारीवरच ठेवावी. धूर दाटला, की मात्र घरासाठी जीव धोक्यात न घालता, पोराबाळांसह, आधीच नांगरून ठेवलेल्या रानात जाऊन उभे राहावे.

राहता राहिला प्रश्न, हे सगळे करावयाचे कोणी? ज्याच्या घरात तरणी माणसे आहेत त्याने ते एका सुट्टीत उरकावे. पण अनेक वस्त्यांवर मुले पुण्या-मुंबईला आणि मागे साठी-सत्तरी उलटलेले जोडपे, अशी स्थिती आहे. गंज हलविणे, घाणेरी उपटणे, लिंबाची फांदी छाटणे ही त्यांच्या हातची कामे नव्हेत. अमेरिकेतही हाच प्रश्न आहे, आणि तेथे आळीआळीतील रहिवासी एकत्र येऊन म्हाताऱ्या शेजाऱ्यांच्या घराभोवतीचा पाचोळा उचलून देतात, त्याला त्यांनी रीतसर योजनेचे रूप दिलेले आहे. आमच्याकडे त्यासाठी नव्या योजनेची गरज नाही, इर्जिक आहे. एकाच्या रानात दहा जणांच्या नांगरांनी एका दिवसात काम उरकावयाचे आणि त्याने सगळ्यांना जेवू घालावयाचे, ही चाल ज्या मुलखात पिढ्यान् पिढ्या चालत आली, तेथे वस्ती साफ करण्याची इर्जिक घालण्यास कोणाची परवानगी लागत नाही. शिवाय येथे परोपकारात स्वार्थही आहे, कारण शेजारच्या वस्तीवरचे पाचटाचे सपार जेव्हा पेटते तेव्हा त्याचे निखारे सातबाऱ्याची हद्द ओळखत नाहीत.

तेव्हा वाचकांना विनंती एवढीच की, संक्रांत होऊन गेली म्हणजे मोजपट्टी घेऊन एकदा आपल्या भिंतीपासून वैरणीच्या नेहमीच्या जागेपर्यंतचे अंतर मोजावे. आणि ते शंभर फुटांपेक्षा कमी भरले, तर कडबा अजून शेतात पेंढ्यांच्या रूपाने पडलेला असतानाच गंजीची जागा बदलावी. एकदा रचलेली गंज पावसाळ्यापर्यंत कोणी हलवीत नाही.